लाभाची जागा

तात्या, म्हणजे शशिधर, माणसं धान्यासारखी मोजायचे. लीड्सला येण्याआधी ते बार्शीच्या बाजारात मापाडी होते. मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन. आणि लाभाचं माप एकदा ओतलं की परत काढायचं नसतं. पुढं बस चालवून निवृत्त झाले, डोंगर चालणाऱ्यांचा ग्रुप जमवला, तरी रीत तीच राहिली. मान खाली, एकेकाच्या खांद्यावर हात.

जूनमध्ये ग्रुप इटलीला गेला होता, अब्रुत्सोच्या डोंगरात. नऊ जण. आठवडाभर पायवाटा, धनगराच्या घरचं चीज, चर्चमधली गाणी. शेवटच्या दिवशी वाट एका ओस गावातून गेली. गाइड म्हणाली, “इथले सगळे एकाच दिवशी गाडीत बसून परदेशी गेले. मोजणी चुकली आणि एक म्हातारा मागे राहिला.”

तात्यांनी तिथल्या चौकात ग्रुप मोजला. पहिला खांदा जाड लोकरीचा लागला, ओलसर. “लाभ,” ते म्हणाले. नऊ भरले. उतरायला लागले तोच वरून स्वराली ओरडली, “तात्या, मला इथंच विकून चाललात का?” ती चर्चचे फोटो काढत राहिली होती.

“तात्या, चष्मा बदला!” सगळे हसले. तात्या हसले नाहीत. जूनच्या उन्हात लोकर कोणाच्या अंगात होती?

ऑक्टोबरात ग्रुप यॉर्कशरच्या डोंगरात गेला. स्वरालीला हॉस्पिटलची ड्यूटी होती, तिच्या जागी तात्यांची सात वर्षांची नात मायरा आली. परत मिनीबसपाशी पोचेपर्यंत तीन वाजले आणि धुकं असं उतरलं की हातभरावरची दगडी भिंत दिसेना.

“बाबा, पटकन मोजा,” तात्यांचा मुलगा अनय मागे पिशव्या टाकत म्हणाला. गाडी तोच चालवायचा.

तात्यांनी पुढच्या दारातून हात घातला. मायरा पुढं बसणार होती. “लाभ.” मग मागची माणसं, अनय आणि शेवटी स्वतः. नऊ.

अनयनं गाडी सुरू केली आणि डॅशबोर्ड टिंगटिंग वाजू लागला. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला नव्हता. सीट तर रिकामी होती.

“मायरा आजीजवळ गेली वाटतं,” अनय म्हणाला.

तात्यांनी आपला तळहात नाकाशी नेला. ओल्या लोकरीचा वास.

“थांब. परत मोजतो.”

“अहो, आत्ता मोजलंत ना!” मायराची आजी मंजिरीताई मागून वैतागल्या. “झाले की नऊ.”

“आता एकपासून मोजतो.”

या वेळी मान वर ठेवली. आठ झाले. मंजिरीताईंच्या तोंडचं पाणी पळालं. “माझ्याजवळ कुठं आहे ती? ती पुढं होती ना?”

तात्या भिंतीला हात लावत धुक्यात पळाले. हाका मारून घसा फाटला. दोन शेतांपलीकडं, लाकडी फाटकाला टेकून मायरा शांत उभी होती. बूट भिजलेले, ओठ निळे.

“आजोबा, तो आजोबा म्हणाला तू थांब, मी बसतो. तो खूप टायर्ड होता.”

“कुठला आजोबा?”

“लोकरीचा कोटवाला. त्याला मराठी नाही येत, पण मला कळला. त्याला फक्त घरी जायचा आहे.”

नातीला पाठुंगळी घेऊन परतताना तात्यांच्या मनात एकच होतं, त्या सीटपाशी जायचं आणि ‘उतर खाली’ म्हणून ओरडायचं. पण दार उघडलं आणि जीभ रेटेना. याला लाभ म्हटलं कोणी? आपणच, त्या ओस गावाच्या चौकात. मोजणीत राहून गेलेला माणूस, आणि आपण त्याला आपल्या माणसाच्या आकड्यात मोजलं.

त्यांनी मायराला आजीशेजारी बसवलं. मग रिकाम्या सीटवर, खांदा असतो तिथं, हात ठेवला.

“लाभ,” ते म्हणाले.

मग मायराच्या डोक्यावर हात ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा लाभानंतर म्हणाले, “एक.” दोन, तीन, चार. शेवटी स्वतःच्या छातीवर. “नऊ. चल अनय.”

गाडी सुरू झाली. टिंगटिंग पुन्हा वाजू लागलं. मंजिरीताई वाकून पुढं आल्या, त्यांनी रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन लावला.

पट्टा सीटला टेकला नाही. मधे पोटाएवढं अंतर ठेवून ताणलेला राहिला. आवाज थांबला.