पेटीवरचा पेला

गुरुवारी दुपारी चार वाजता चर्चमधली खोली उघडायची, पेटीवरचं फडकं झटकायचं आणि सोपानराव यायच्या आत भाता हलवून कुठला सूर अडकलाय ते बघून ठेवायचं, हा मोनालीचा दोन वर्षांचा नेम होता. दौंडच्या हवेत रेल्वेची धूळ इतकी, की आठवड्यातून एखादा सूर रुसायचाच. त्याही गुरुवारी एक रुसला होता. तिनं तो फुंकर मारून चालता केला, तोवर दारात खोकला ऐकू आला.

सोपानराव रेल्वेतले निवृत्त गार्ड. तीस वर्षं या चर्चमधली गीतं त्यांनीच चालवली होती. आता दम्यानं छाती भरलेली, दोन ओळी गायल्या की डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून पंच मंडळींनी सेवेच्या शिक्षणाला आलेल्या मोनालीला त्यांच्या हाताखाली दिलं. दोन वर्षं शिकायचं, मग प्रभुभोजनाची एक उपासना एकटीनं चालवून दाखवायची आणि पाळकसाहेबांनी सही केली की चर्चची कायमची गीतसेविका व्हायचं. त्या सहीसाठी ती तळेगाव ढमढेऱ्याचं घर सोडून चर्चच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत राहत होती.

‘‘पट्टी उतरव,’’ सोपानराव बसता बसता म्हणाले. ‘‘तुझा गळा झकास आहे, मान्य. पण रविवारी बाकावर साठ-सत्तरीच्या बाया असतात. त्यांनी काय नुसतं तोंड उघडून बसायचं?’’

मोनाली हसली आणि दोन सूर खाली आली.

‘‘हां. आता तिसऱ्या कडव्याला गप्प राहा. गाडी माझ्या झेंडीनं सुटायची, पण ओढायचं ते इंजिन. मंडळी तुझ्याशिवाय गायली तर तू पास. तू थांबलीस आन् ती पण थांबली, तर तू नुसतं स्वतःचं गाणं गायलीस.’’

हा त्यांचा लाडका धडा होता. पहिल्या वर्षी तिनं तिसरं कडवं सोडलं की मंडळी अडखळायची, कोणी पुढं जायचं, कोणी मागं राहायचं, शेवटी सगळेच एकमेकांकडे बघत बसायचे. तिनं हार मानली नाही. डावा हात कधी उचलायचा, म्हाताऱ्या बायांना श्वास घ्यायला कुठं जागा द्यायची, हे तिनं त्यांच्या तोंडाकडे बघून बघून शिकून घेतलं. दुसऱ्या वर्षी ती गप्प झाली तरी गीत चालू राहू लागलं. सोपानराव त्या दिवशी घरी गेले ते बायकोला सांगत, की आपल्याला मुलगी नाही ही खंत आता नाही.

ताल तिच्यात होता तो बापाचा. म्हाळू अवघडे ऐन जवानीत पंचक्रोशीत हलगी वाजवायचा. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या वेळच्या उपदेशकांनी सांगितलं, हलगी चर्चमध्ये चालणार नाही. ढोलकी चालते, तबला चालतो, हलगी तेवढी चालत नाही. का, ते म्हाळूनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कोणी सांगितलं नसतं. हलगी भिंतीवर गेली ती वीस वर्षं तिथंच होती. पाटसच्या कारखान्यावर हंगामात ऊस तोडायचा आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तळेगावातल्या सात घरांबरोबर जीपनं दौंडला प्रभुभोजनाला यायचं, एवढाच त्याचा धर्म.

‘‘येत्या रविवारी तुझी परीक्षा,’’ सोपानराव म्हणाले. ‘‘क्रम पाठ आहे ना? प्याला आधी पाळकसाहेब घेतील. मग गीत चालवणारा. तू गुडघे टेकून घेतलंस की लगेच पेटीवर, आणि शेवटचा माणूस बाकावर परत जाईपर्यंत गीत तुटता कामा नये.’’

क्रम तिला दोन वर्षं पाठ होता. पाळकांच्या मागोमाग, सगळ्या मंडळीच्या आधी, आपण त्या चांदीच्या प्याल्याला ओठ लावतोय आणि शेवटच्या बाकावरून आपला बाप, आबा, बघतोय, हे चित्र तिनं किती वेळा मनात पाहिलं होतं. संध्याकाळी फोनच्या बूथवरून तिनं तळेगावच्या दुकानदाराकडे निरोप ठेवला, की रविवारी जीपनं सगळ्यांनी यायचं, कोणीही मागं राहायचं नाही.

आता त्या प्याल्याविषयी सांगायला हवं. चर्चमध्ये जात नाही, असं सगळेच सांगतात. पुढच्या बाकावर बसून सांगतात. पुढचे बाक जुन्या घराण्यांचे, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, रेल्वेच्या पगारावर शिकलेल्या. मधले बाक त्यांच्या सोयऱ्यांचे. शेवटचे तीन बाक तळेगावच्या जीपचे. असा नियम कुठं लिहिलेला नाही. प्याला एकच; तोही याच क्रमानं फिरायचा. पुढच्यांनी आधी, तळेगावकरांनी शेवटी. आणि शेवटी उरलेला द्राक्षरस पाळकसाहेब बाहेर नेऊन कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतायचे.

लहानपणी मोनालीला ते फार पवित्र वाटायचं. पुढं शिक्षणाच्या वर्गात तिला कळलं, की उरलेलं पाळकानं स्वतः प्यायचं असतं, तशी रीत आहे. तिनं भीत भीत पाळकसाहेबांना विचारलं होतं. ते हसून म्हणाले होते, ‘‘मला शुगर आहे ना बेटा.’’ त्यानंतर ती त्यांच्या तब्येतीसाठी रोज प्रार्थना करायची.

शनिवारी दुपारी ती बाक पुसत होती, तेव्हा सोपानराव आले. त्यांच्यासोबत महिला मंडळाच्या मालनबाई. मालनबाईंच्या हातात नवाकोरा स्टीलचा पेला होता, वर झाकण.

‘‘हा उद्या पेटीवर ठेवायचा,’’ सोपानराव तिच्याकडे न बघता म्हणाले. ‘‘पाळकसाहेब आधीच यात रस ओततील. तुला उठायला नको, बसायला नको. गीत तुटणार नाही.’’

‘‘बरं झालं की!’’ मोनाली म्हणाली. खरंच तिला बरं वाटलं. आपल्यासाठी एवढा विचार केला, म्हणून ती पेला हातात घेऊन निरखायलाही लागली. मग तिचा हात थांबला.

‘‘आप्पा, तुमचा पेला कुठं असायचा?’’

सोपानरावांना खोकला आला. तो खरा होता की आणलेला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

‘‘तीस वर्षं तुम्ही उठून गेलात. गुडघे टेकलेत. परत येऊन बसलात. गीत कधी तुटलं न्हाई.’’

‘‘अगं, वाद कशाला घालतीस?’’ मालनबाई मध्ये पडल्या. ‘‘पाळकसायबांना विचारलंय. ते म्हणले, रस तोच, आशीर्वाद तोच.’’

‘‘तोच हाय तर मग पेला कशाला, मावशी?’’

मालनबाईंना आडवळणं जमत नसत. त्यांनी पदर खोचला आणि जे होतं ते सांगून टाकलं. ‘‘हे बघ पोरी, पुढच्या बाकावाल्यांनी साफ सांगितलंय. तिच्या मागनं आमी त्या प्याल्याला तोंड लावणार न्हाई. तुमी शेवटी येता तवा कुणी कवा काय बोललं का? पण मांगवाड्यातलं पयलं तोंड आन् मग आमची, हे कसं चालंल? जुनी माणसं हायती. समजून घ्यावं लागतं.’’

 मोनालीनं खिडकीतून बाहेर बघितलं. कडुलिंबाच्या बुंध्याशी मातीवर काळसर डाग होता, वर्षानुवर्षांचा. आपली तोंडं लागल्यावर जे कोणाच्याच तोंडात जाऊ शकत नव्हतं, ते तिथं जात होतं. आणि आपण त्या माणसाच्या साखरेसाठी देवाला साकडं घालत होतो! तिला स्वतःचीच लाज वाटली. लाज खरं तर दुसऱ्या कोणाला वाटायला हवी होती, पण ती नेहमी अशीच चुकीच्या घरी जाते.

‘‘आप्पा,’’ ती म्हणाली, ‘‘दर ईस्टरला तुम्ही साक्ष देता. तुमचे आजोबा गावात ओंजळीनं पाणी प्यायचे. वरनं ओतायचे, हे खालनं प्यायचे. सांगताना रडता तुम्ही.’’

‘‘म्हणून तर सांगतो, सोसायला शिक,’’ सोपानराव म्हणाले. ‘‘उद्याचा दिवस गप घे. सही होऊ दे. नोकरी पक्की झाली की पुढच्या वर्षी बघू आपण. तुझ्या भल्याचंच सांगतोय मी.’’

आणि यातली कडू गोष्ट ही, की ते खोटं बोलत नव्हते. मुलीसारखं शिकवलेल्या मुलीचं भलं ते असंच करू शकत होते. पेला तिच्याच हातात सोडून दोघं निघून गेली.

रविवारी जीप आली. म्हाळू पांढरा सदरा घालून उतरला, लेकीला भेटायला पेटीपाशी गेला आणि त्याला पेला दिसला. त्याला काही सांगावं लागलं नाही. गावातल्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेल्या वेगळ्या कपांतून त्यानं उभं आयुष्य चहा प्यायला होता.

‘‘घे बाई यातनं,’’ तो हळू म्हणाला. ‘‘दोन घोटांचा परश्न हाय. दोन वर्सं वाया घालवू नगंस.’’

‘‘तुमाला चाललं, आबा?’’

 म्हाळू म्हणाला, ‘‘मला इचारलं कुणी कवा?’’ आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

उपासना सुरू झाली. मोनालीनं इतकं नेटकं कधीच चालवलं नव्हतं. पट्टी म्हाताऱ्यांना पेलेल अशी, श्वासाला जागा, डावा हात वेळेवर. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, सगळ्यांसाठी एकच प्याला आहे असं खणखणीत आवाजात सांगितलं, आणि येऊन पेटीवरच्या पेल्यात द्राक्षरस ओतला. मग परत जाऊन त्यांनी चांदीचा प्याला ओठांना लावला. मोनालीनं प्रभुभोजनाचं गीत धरलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं.

तिसऱ्या कडव्याला तिनं पेटीचा भाता मिटला.

मंडळी गात राहिली. नेहमीप्रमाणे ही गप्प बसली असेल, असंच सगळ्यांना वाटलं. मोनाली उठली, भरलेला पेला दोन्ही हातांनी उचलून तिनं पाळकसाहेबांसमोर मेजावर ठेवला.

‘‘साहेब, मी या पेल्यातनं घेणार न्हाई. आप्पा ज्या प्याल्यातनं घ्यायचे, त्यातनं द्या. मी इथं गुडघे टेकते.’’ आणि तिनं गुडघे टेकले.

पुढच्या बाकांना ते स्वच्छ ऐकू गेलं. पाळकसाहेबांच्या हातात प्याला होता. तो चार बोटं पुढं करायचा, एवढंच काम होतं. त्यांनी पुढच्या बाकाकडे बघितलं, मग वाकून पुटपुटले, ‘‘उपासना मोडू नकोस. जागेवर जा. सहीचं विसरू नकोस.’’

ती उठली. पेटीकडे न जाता मधल्या वाटेनं सरळ चालत गेली आणि शेवटच्या बाकावर बापाशेजारी बसली.

तिला वाटलं होतं, आता तरी गीत थांबेल. कोणीतरी एक माणूस तरी अडखळेल. पण तिनंच त्यांना पक्कं शिकवलं होतं. एकाचाही सूर ढळला नाही. जागेवरून उठून सोपानरावांनी डावा हात उचलला. त्यांना दम लागला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात बरोबर ठेक्यावर होता. तिच्याशिवाय मंडळी गात होती. मोनाली पास झाली होती.

पुढचे बाक उठले, गुडघे टेकून पिऊन आले. मधले बाक उठले. मालनबाई गेल्या, परत आल्या, पदरानं ओठ टिपून पुन्हा गायला लागल्या. मग शेवटच्या बाकांची पाळी आली. पंचांपैकी एकानं हातानं खुणावलं. कोणी उठलं नाही. त्यानं पुन्हा खुणावलं, जरा रागानं. तेव्हा म्हाळू अवघडे बसल्या जागेवरूनच, आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये मोठ्यानं बोलला.

‘‘आमाला नको आज.’’

गीत संपलं. प्याल्यात तळेगावच्या तीन बाकांचा सगळा रस शिल्लक होता. मोनाली त्या प्याल्याकडे बघत होती. पाळकसाहेब तो घेऊन आता बाहेर जातील, म्हणून तिनं वाटेतला पायसुद्धा मागं घेतला.

पाळकसाहेब बाहेर गेले नाहीत. त्या दिवशी तळेगावच्या एकाही माणसाचं तोंड त्या प्याल्याला लागलं नव्हतं. सगळ्या मंडळीसमोर त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. मग पांढऱ्या रुमालानं कड पुसली आणि आशीर्वादासाठी हात वर केले.

दुपारी मोनालीनं खोलीला कुलूप लावून किल्ली मालनबाईंच्या हातात दिली आणि ट्रंक जीपवर चढवली. सही झाली नव्हती, होणारही नव्हती. सोपानराव फाटकापर्यंत आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण नुसता खोकला आला, आणि त्यांच्यासाठी आज थांबावं असं तिला वाटलं नाही.

जीप न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. मग म्हाळूनं विचारलं, ‘‘साहेबास्नी शुगर हाय ना गं? मग आज समदं कसं प्याले?’’

मोनालीनं त्याला सगळं सांगितलं. कडुलिंबाचंही.  वीस वर्षं आपल्या मागून उरलेलं का ओतलं जात होतं, ते त्याला आज कळलं. 

‘‘हलगीचं चामडं ढिलं पडलं आसंल,’’ तो म्हणाला. ‘‘शेकावी लागंल.’’

‘‘शेका,’’ मोनाली म्हणाली. ‘‘पुढल्या रविवारी आपल्या दारात गीत मी चालवते. आन् आबा, प्याला एकच ठेवायचा. पुढच्या बाकावरचं कुणी आलं, तर त्यालाबी त्यातनंच.’’