सहादूनं सोललेला तवा

मी तवा बोलतोय. पोळ्यांचा तो पातळ, पत्र्यासारखा तवा नव्हे, मी बिडाचा. दोन कान, रुंद पाठ आणि वजन असं, की पायावर पडलो तर माणूस आधी पाय धरतो आणि मग मला शिव्या देतो.

धोंडाबाईंनी मला सायखेड्याच्या बाजारात घेतलं, बोटानं टकटक वाजवून, कुठं तडा नाही ना ते बघून. त्यांच्या चुलीवर मी वर्षानुवर्षं तेल प्यायलो, धूर खाल्ला आणि असा काळाकुळकुळीत झालो की धिरडं माझ्यावरून आपणहून उठायचं. बिडाच्या तव्याचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, ती त्याची कमाई असते. लेक सुमन लग्न होऊन निघाली तेव्हा धोंडाबाई तिला म्हणाल्या, "भांडी कुनीबी देईल. ह्यो तवा मी घडवलेला हाय. जप त्याला."

असा मी एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत आलो. जावई सहादू बॉयलरवर कामाला. माणूस लाखात एक, पण दुनियेतली प्रत्येक गरम वस्तू आपल्याच हाताखाली आहे असा त्याचा समज होता.

अठ्ठ्याहत्तर साली सुमनला नाशकात डी.एड.ला प्रवेश मिळाला. शिक्षिका व्हायचं तिच्या लहानपणापासून मनात होतं, आणि तिच्याहून जास्त सहादूच्या मनात. त्यानं वसाहतभर पेढे वाटले. पण सकाळची पहिली गाडी धरायची, नाशकातल्या द्वारका चौकात उतरून पुढं चालत जायचं, तर भाकरी कधी थापायची? सहादूनं छाती ठोकली. "तू बिनघोर जा. एवढा मोठा बॉयलर सांभाळतो मी, मला एक भाकर नाही जमायची?"

स्टोव्हवर बसल्या बसल्या मी मनात म्हटलं, बघू या.

पीठ सैल झालं म्हणून त्यानं पीठ घातलं, घट्ट झालं म्हणून पाणी घातलं, आणि असं करता करता परात काठोकाठ भरली. स्टोव्हच्या वाती पुऱ्या वर. पाणी लावायचं असतं भाकरीच्या वरच्या पिठाळ बाजूला. यानं ते माझ्या अंगावर ओतलं, का तर म्हणे तवा जास्त तापला! तापलेल्या बिडावर गार पाणी! तडकता तडकता राहिलो मी. बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं पीठ अशी ती भाकरी त्यानं दारातल्या कुत्र्यापुढं टाकली. कुत्र्यानं वास घेतला, एकदा सहादूकडं पाहिलं आणि ते शेजारी शौकतच्या दारात जाऊन बसलं.

पिठल्याची तऱ्हा निराळी. त्यात इतक्या गाठी झाल्या की सुमननं भजी समजून चावल्या. बिचारी "छान झालंय" म्हणाली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालं. सहादूनं ठरवलं की दोष तव्याचा आहे. "बघ, किती काजळी बसलीय याच्यावर! नळ्यांवर अशी काजळी धरली तर बॉयलरसुद्धा तापत नाही." आणि कामावरच्या पिशवीतून त्यानं पॉलिशपेपर काढला. मोरीत बसून, मला मांडीवर घेऊन, दुपारभर घासलं हो त्यानं मला! धोंडाबाईंची सारी कमाई काळ्या पाण्यातून वाहून गेली. मी जीव तोडून ओरडत होतो. त्याला वाटत होतं घासल्याचा आवाज आहे.

संध्याकाळी शौकत चहाला आला. तोही बॉयलरवरचाच. भिंतीला टेकवून ठेवलेल्या मला पाहून म्हणाला, "सहादू यार, आरसा झकास आणलास! दाढीला घेतला का?"

त्यानंतर माझ्यावर जे पडेल ते चिकटायचं. धिरडं खरवडून काढावं लागायचं, तेही तुकड्यांनी. सहादू कॅंटीनच्या वड्यांवर आला आणि पोट धरून बसला. मग सुमन पहाटेच उठून रांधायला लागली आणि वर्गात डुलक्या घ्यायला लागली. शेवटी एका शुक्रवारी तिनं दप्तर खुंटीला अडकवलं.

"अहो, माझ्याच्यानं दोन्ही होत नाही. तुम्हाला उपाशी ठेवून मी काय शिकू? रविवारी आई येतीय. तीही हेच म्हणणार. सोमवारी नाव काढून घेते."

सहादूचा चेहरा पडला. "रविवारपर्यंत थांब," एवढंच बोलला तो. मला त्याचा राग होता, पण त्या वेळी त्याच्याकडं बघवेना.

शनिवारी तो कामावरून पळतच घरी आला. "सुमन, आज काय झालं ठाऊक आहे? दुरुस्तीला काढलेला बॉयलर पुन्हा पेटवायचा होता. नवा गडी एकदम जाळ वाढवायला निघाला. मी ओरडलो, अरे, थंड बॉयलर असा पेटवतात का? दमानं घे, त्याला जरा वेळ दे! आणि मग माझं मलाच हसू आलं. तव्याला मी कधी वेळ दिला?"

त्यानं वाती खाली घेतल्या. मला कोमट होऊ दिलं. अर्धा कांदा तेलात बुडवून माझ्या अंगावर फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. दिवस मावळेपर्यंत तो तिथून हलला नाही. हळूहळू माझ्या पोटावर तांबूस, मग काळसर डाग धरला. खरं सांगतो, मी त्याला तिथंच माफ करून टाकलं.

रविवारी धोंडाबाई आल्या. "जय भीम, मामी," सहादू म्हणाला. त्यांचं लक्ष माझ्याकडं.

"आगं आई! माझ्या तव्याची कातडी कुनी सोलली?"

"मी, मामी," सहादू पुटपुटला.

"सुमे, बास झालं तुझं शिक्षान! घराची पार दशा झाली. गडीमानसाला चुलीचं काय कळतंय?"

सुमन उठायला लागली, तर सहादूनं तिला हातानंच बसवलं. दोघींपुढं ताटं मांडली आणि पीठ कालवायला घेतलं. पहिलं धिरडं मोडलं. धोंडाबाईंनी घसा खाकरला. त्यानं वात आणखी बारीक केली, तेलाचं बोट फिरवलं, दुसरं घातलं आणि उलथनं हातात धरून वाट बघत उभा राहिला. मीही अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. कडा सुटल्या. धिरडं अलगद, सोनेरी जाळी धरून वर आलं, आणि वाफेसकट धोंडाबाईंच्या ताटात पडलं.

त्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग पदर डोळ्यांना लावला.

सहादू गडबडला. "मिरची जास्त झाली का, मामी?"

"नाय वो जावईबापू." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "उभा जलम गेला ह्या तव्याफुडं. पन तवा तापलेला असताना मी कधी ताटावर बसलेच नाय. गरम कसं लागतं, ते आज कळलं."

मग त्यांनी ताट पुढं सरकवलं. "अजून एक घाला. आन सुमे, उद्याची गाडी चुकवू नगं."

आता सत्त्याऐंशी साल चालू आहे. सुमन जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. घरात गॅस आला, आणि काही चिकटत नाही असा एक गुळगुळीत नवा तवाही आला. त्याला लाकडी चमच्यानं गोंजारावं लागतं म्हणे! पण सुट्टीच्या दिवशी सहादू मलाच उतरवतो, आणि मी पुन्हा पहिल्यासारखा काळा झालोय.

तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या घरात जी रोज उभी राहून वाढते, तिला आज आधी ताटावर बसवा. पहिलं धिरडं मोडेल, मोडू द्या. दुसरं तिच्या ताटात गरम गरम पडलं पाहिजे.