फक्कीची भिंत

सासरे शाळेच्या बांधकाम समितीचे अध्यक्ष आणि सून त्याच शाळेच्या नव्या इमारतीची आर्किटेक्ट. लोक म्हणायचे, "काय बाई नशीब तुझं, घरचंच काम!" घरचंच काम? सूनबाईला विचारा म्हणावं! परक्या माणसाशी कडकडून भांडता तरी येतं. इथे दुपारी ज्यांच्याशी वाद घालायचा, त्यांनाच संध्याकाळी चहा द्यायचा आणि वर विचारायचं, "साखर बरोबर झालीय ना, बाबा?"

वाद काचेवरून होता. अध्यक्षांना शाळा हवी होती चकाचक. दर्शनी बाजूला सगळी काच, आत खोलीखोलीत एसी. सूनबाईच्या नकाशात मातीच्या विटांच्या जाड भिंती, मधे अंगण, समोरासमोर खिडक्या आणि छतावर सोलर. काच आणि सिमेंट तयार करताना भट्ट्या धूर ओकतात, आणि मग ती तापलेली इमारत गार करायला पुन्हा वीज जाळायची, हे कुठलं शहाणपण, असं तिचं म्हणणं. आणि नकाशा तिच्या एकटीचा नव्हताच. पोरांनी काठ्यांना कागदाच्या पट्ट्या बांधून वारा कुठून येतो ते शोधलं होतं. आईबापांनी जुनी शाळा पाडताना धडधाकट दगड निवडून बाजूला रचले होते.

"मातीची शाळा!" अध्यक्ष म्हणाले होते. "लोक म्हणतील, अध्यक्षांनी वारूळ बांधलं."

आज संध्याकाळी समितीची बैठक होती. नकाशा पास झाला नाही, तर काचेवाल्या कंपनीचा तयार आराखडा घ्यायचा, असं अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सूनबाईची ही पहिलीच इमारत. 

अशा वेळी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, डोकं चालवलं. बैठकीआधी अख्ख्या शाळेने एक दिवस नकाशात राहून बघायचं! मैदानावर, मधल्या झाडाभोवती, फक्कीच्या पांढऱ्या भुकटीने खऱ्या मापाची इमारत आखायची. वर ताडपत्र्यांचं छप्पर. पश्चिमेला जिथे जाड भिंत, तिथे सतरंज्या टांगायच्या. नियम एकच. रेघ म्हणजे भिंत, ये-जा फक्त दारातून.

"नियम म्हणजे नियम!" अध्यक्ष सकाळच्या भाषणात गरजले. "भिंतीतून कोणी आरपार गेलं, तर माझ्याशी गाठ आहे. आणि समितीच्या मंजुरीशिवाय नकाशात काडीचाही बदल होणार नाही." पोरांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

त्यांनी स्वतःसाठी एक ऑफिस मात्र मनासारखं मागून घेतलं. पश्चिमेला तोंड, आणि ती बाजू पूर्ण काचेची. काच म्हणून तिथे पारदर्शक प्लास्टिक लावलं. ऑफिस आखायचं काम चौथीच्या पोरांकडे आलं. त्यांची पुढारी एक पोरगी होती, फक्कीच्या डब्याएवढीच, पण आवाज असा की चार वर्ग गप्प बसावेत. तिला सगळे पिटुकली म्हणत. अध्यक्ष बरोब्बर मधोमध उभे राहून हुकूम सोडत होते. "अजून मागे घे! सरळ! वाकडी रेघ मला चालत नाही!" पिटुकलीने त्यांच्याभोवती चारी बाजूंनी कशी सुतात रेघ मारली. अध्यक्षांनी खुर्ची मागवली आणि ऐटीत बसले.

जेवणाची घंटा झाली. अध्यक्ष उठले आणि निघाले.

"आजोबा, भिंत!" पिटुकली अंगणातून किंचाळली.

अध्यक्षांचा पाय अधांतरीच राहिला. "मग दार कुठंय?"

पिटुकली धावत आली, ऑफिसभोवती एक चक्कर मारली आणि जीभ चावून उभी राहिली. "दार काढायचं राहिलं. तुम्ही आतच होता ना, त्यामुळे सुचलंच नाही."

"मग काढ की आता!"

"समितीच्या मंजुरीशिवाय? तुम्हीच तर म्हणालात!"

अख्खं मैदान खदाखदा हसलं. मोठ्या बाई हसू दाबत पुढे झाल्या. "साहेब, या हो सरळ. पोरखेळ तर आहे."

"मुळीच नाही," अध्यक्ष म्हणाले. "सकाळी भाषण ठोकलंय मी. आता भिंतीतून आलो, तर ही पोरं उद्या मला हिंग लावून विचारणार नाहीत." आणि ते पुन्हा खुर्चीत बसले. माणूस हेकट होता, पण सच्चा होता हो!

ऊन कललं. सतरंज्यांच्या आड पोरं निवांत पाढे म्हणत होती. अंगणात वाऱ्याने वह्यांची पानं उडत होती. इकडे प्लास्टिकमधून ऊन थेट अध्यक्षांच्या टकलावर. त्यांनी खुर्ची सरकवली, ऊन मागे आलं. पुन्हा सरकवली, पुन्हा आलं. शेवटी कोपऱ्यात भिंतीला, म्हणजे रेघेला, चिकटून बसले.

सूनबाई लांबून बघत होती. आणखी थोडा वेळ तसंच बसू दिलं असतं, तर नकाशा आपोआप पास झाला असता, हे तिला कळत होतं. पण राहवेना. ती पाण्याचा ग्लास घेऊन रेघेपाशी गेली.

"भिंतीतून नाही द्यायचं," पिटुकलीने बजावलं. "भिंतीवरून, छपराच्या फटीतून चालेल."

सूनबाईने टाचा उंचावून ग्लास डोक्याच्याही वर धरला, अध्यक्षांनी हात वर करून घेतला. घटाघटा प्यायले.

"बाबा, एसी लावायला सांगू का?" तिच्या तोंडून निसटलंच.

अध्यक्षांनी डोळे वटारले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि बघता बघता ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चांगली जिरवलीस गं! वारा कुठून येतोय?"

"तुम्हीच बघा."

त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं, गोल फिरवलं. "इकडून. मग दार इथे. समोर खिडकी. आणि ही काच काढ बाई आधी! जाड भिंत घाल, उजेडाला वर झरोका ठेव."

"लोक वारूळ म्हणतील."

"म्हणू देत. मुंग्यांना घर बांधायची अक्कल आपल्यापेक्षा जास्त आहे."

बैठक मग तिथेच भरली, ऑफिसच्या भोवती. समिती रेघेबाहेर, अध्यक्ष रेघेआत. मोठ्या बाईंनी विचारलं, "हा नकाशा, अध्यक्षांच्या दारासकट, कोणाकोणाला मान्य आहे?" सगळ्यांत आधी वर गेला तो आतला हात. मग आईबापांचे, मास्तरांचे, पोरांचे, काही पोरांचे तर दोन्ही. सूनबाईला समोरचं काही दिसेना, डोळे इतके भरून आले.

पिटुकलीने पायाने रेघ पुसून दार काढलं आणि बाजूला झाली.

अध्यक्ष उंच माणूस. दारापाशी आले, थबकले, आणि मान चांगली खाली वाकवून बाहेर पडले. मग ताठ होत मागे वळून त्या मोकळ्या हवेकडे त्यांनी नाराजीने पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "चौकट ठेंगणी झालीय. वीतभर उंच घे."