घराखालून जाणारं कडं

मी भूकंपमापक बोलतोय. जरा लांबूनच ऐका, अंगाला अजून कोंबड्यांच्या घाणीचा वास येतोय. शी!

इटलीतल्या पोझ्झुओलीत, आनिएल्लोच्या खानावळीच्या तळघरात मला भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या लोरेदानाबाईंनी बसवलं. इथे सारं गावच ज्वालामुखीच्या खचलेल्या कढईत वसलंय, त्यामुळे जमिनीला सतत बारीक हादरे बसतात. हादरा कधी पोचला ते मी आणि गावभर पुरलेली माझी भावंडं कळवतो. त्या वेळा जुळवून बाई हादरा जमिनीखाली नेमका कुठे उठला, तिथे नकाशावर ठिपका देतात. ठिपके साठत गेले आणि त्यांचं कडं दिसू लागलं. जिथे खडक तुटून घसरतोय, ती ही कढईची कड. ती बरोबर आनिएल्लोच्या घराखालून जात होती.

वरच्या मजल्यावर त्याची म्हातारी आई, दोन्ना नुन्झिया. "मी आपली बहिणीकडे जाते बाबा," ती म्हणाली.

"आणि रस्सा कोण शिजवणार?" आनिएल्लो करवादला. "सख्खी आई पळाली म्हटल्यावर इथे जेवायला कुत्रं तरी येईल का? हे यंत्रच अपशकुनी आहे. त्याचीच दृष्ट लागते घराला!"

दृष्ट उतरावी म्हणून त्यानं माझ्या गळ्यात लाल शिंग बांधलं. तरी हादरे थांबेनात, तेव्हा मला बॅटरीसकट उचलून गावाबाहेर मेव्हण्याच्या खुराड्यात कोंबलं. मी तिथूनही इमानानं वेळा कळवत राहिलो. बाईंना वाटे, मी तळघरातच आहे. ठिपके भलतीकडे पडू लागले आणि नव्या नकाशावर कडं नेमकं त्या घरापाशी तुटलं.

"नव्या नकाशात घराखाली कोरं बघून आई गाठोडं सोडून परत चुलीशी!" खुराड्याशी उभा राहून तो मेव्हण्याला खिदळत सांगत होता. जन्मदात्या आईला फसवून हसतो! किळस आली मला त्याची.

वेळा जुळेनात म्हणून लोरेदानाबाई तपासायला आल्या. तळघर रिकामं बघून त्यांनी दरडावलं, तेव्हा आनिएल्लोनं खुराडं दाखवलं. मागोमाग दोन्ना नुन्झियाही आली.

"यंत्र हलवलंस रे मेल्या," ती म्हणाली, "खालची जमीन हलवलीस का?" आणि तिथूनच तिनं बहिणीकडची वाट धरली.

आता मी पुन्हा तळघरात आहे. वर आनिएल्लो एकटाच खुर्च्या ओढत गिऱ्हाइकांची वाट बघतो. त्याच्या पावलांचा आवाजसुद्धा मला नकोसा होतो. पण हादरे वाढताहेत हो. मला फक्त ऐकता येतं. लोकहो, हव्या तेवढ्या शिव्या घाला, बखोट धरून ओढा, पण त्या नालायकाला इथून बाहेर काढा.