धड तार कापणारी पक्कड

मी पक्कड बोलतेय. तोंड उघडणं हा माझा धंदाच आहे, तेव्हा गप्प बस म्हणणाऱ्यांनी आपला वेळ वाया घालवू नये.

कारखान्यात हजारो बहिणींबरोबर माझा जन्म झाला. तिथून पेट्यांत भरून आम्हाला थेट लढाईवर धाडलं. मी एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या कमरेला आले. त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. चौक्यांमधल्या टेलिफोनच्या तारा तुटल्या की जोडायच्या, हे त्याचं काम. तार सोलायची, पीळ द्यायचा, वरून चिकटपट्टी गुंडाळायची. हात चांगला होता, पण डब्याचं झाकणही माझ्यानेच उघडायचा आणि मला विजारीला पुसायचा.

एका दुपारी तोफगोळे पडू लागले आणि आमची तार तुटली. सरपटत नाल्यापाशी गेलो. तिथे दोन तारा शेजारी शेजारी होत्या, एक आमची, एक पलीकडच्या तुकडीची. घाबरलेल्या पोराने नीट पाहिलंही नाही. धुरात जी हाताला लागली ती त्याने ओढली आणि नवं टोक काढायला माझ्याने कापली. ती पलीकडच्यांची होती, अगदी धड. एकीच्या दोन करून ठेवल्या आम्ही.

तो रडला. नाक पुसलं. आपली तेवढी जोडून सटकला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. दुसरीही गोळ्यानेच तुटली असं सगळ्यांनी मानलं असतं. पण त्याने आधी पलीकडच्यांची जोडली, मग आपली. गोळे काही त्याच्यासाठी थांबले नव्हते.

लढाई संपली. तो वायरमन झाला, बाप झाला. लढाईचा विषय निघाला की हीच गोष्ट सांगायचा.

"बाबा, तुम्ही घाबरला होतात?" मुलगी विचारायची.

"घाबरलो नसतो तर बरोबर तार कापली नसती का?"

मुलीने त्याचाच धंदा उचलला. गेल्या वर्षी तो गेला आणि मी तिच्या पिशवीत आले. माझा एक दात झिजलाय, बिजागरी ढिली झालीय, पण तिचं माझ्यावाचून अडायचं.

मग गावच्या सभागृहात लढाईच्या आठवणींचं कपाट झालं. निवृत्त हेडमास्तर समितीचे अध्यक्ष. त्यांनी मुलीकडून मला मागून नेलं, घासूनपुसून मखमलीवर निजवलं आणि शेजारी छापील कार्ड ठेवलं: 'तोफांच्या माऱ्यात न डगमगता तार जोडणाऱ्या वीराची पक्कड.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मुलीने कार्ड वाचलं. "सर, 'न डगमगता' काढा. आणि दोन तारा लिहा."

"ताई, लोक वडिलांना हसतील."

"ते स्वतःच हसायचे. तुम्ही दुसऱ्याच कुणाचं तरी लिहिलंय. हा माणूस मी ओळखत नाही."

"सगळ्यांचं असंच लिहिलंय हो. नाहीतर पक्कड घरी न्या."

मला वाटलं, नेईल. पण ती बापाच्या वळणावर गेलेली. कार्ड फाडलं आणि स्वतःच्या हाताने दुसरं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी समितीने ते काढलं. सभागृहातल्या दिव्यांचं काम तिच्याकडेच, किल्ल्याही तिच्याकडे. तिने परत ठेवलं. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा हेडमास्तर कार्ड काढायला आले, चष्मा लावून उभे राहिले आणि शेवटपर्यंत वाचलं. मग कार्ड तसंच ठेवून काच लावून घेतली आणि गेले.

आता मी इथेच असते. हातात काम नाही, म्हणून जीव आंबतो, ते मी लपवणार नाही. पण वीर पाहायला आला असाल तर शेजारचे कप्पे बघा. माझ्याकडे आलात तर माझ्या पोराचं कार्ड मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे:

'वय एकोणीस. फार घाबरला होता. चुकून धड तार कापली. दोन्ही जोडल्याशिवाय उठला नाही.'