शेख मरझूकचा मंजुरीचा कागद

नाबुल गावच्या कुंभारआळीत त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. धंदा काढायची हौस असलेला आणि खिशात दमडी नसलेला जो तो, जिन्नाकडून भांडवल आणून देतो म्हणणाऱ्या शेख मरझूकच्या अंगणात हजर होता. कुणाला शिलाईयंत्र हवं होतं, कुणाला मासळीची होडी. बँक जामीनदार मागते. शेख काहीच मागत नव्हता. निदान सुरुवातीला तरी.

वसीलाला तांब्याची भट्टी हवी होती. नारिंगाच्या फुलांचा अर्क काढण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण भट्टी परक्याची, त्यामुळे निम्मा अर्क भाड्यातच जायचा.

तिची पाळी आली. शेखनं बुबुळं वर चढवली, एक कोरा कागद शेगडीवर धरला, निखाऱ्यांवर ऊद टाकला आणि गरजला, "हे अदृश्य खजिनदारा, या लेकीची फाईल उघड!"

कोऱ्या कागदावर तपकिरी अक्षरं उमटली: 'वसीला. तांब्याची भट्टी. सहा हजार दिनार. मंजूर.'

वसीलानं तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

"चाळीस दिवसांत रक्कम दारात येईल," शेख म्हणाला. "पण सोन्याकडेच सोनं येतं, पोरी. गुरुवारी हातातली बांगडी माझ्या पेटीत ठेव."

बांगडी आईची होती. तरीही घरी आल्याआल्या वसीलानं साबण लावून ती मनगटातून काढली.

तिची नणंद रीम शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं कागद पाहिला. "वहिनी, सहा हजारांचं कुणाला बोलली होतीस?"

"कुणालाच नाही! म्हणजे... रांगेत शेखकडची ती खदूजा कॉफी देत होती ना, तिनं आपलं सहज विचारलं."

"आणि त्यानंतर किती वेळ ताटकळलीस?"

"दोन तास तरी."

बोलता बोलता वसीलानं कागद नाकाशी नेला. फुलांच्या वासात जन्म गेलेलं नाक ते! "रीम, उदाच्या आड दुसराच वास येतोय. करपलेल्या लिंबाचा!"

दोघींनी तिथंच लिंबू कापलं. रसात काडी बुडवून लिहिलं. सुकलं तसं अक्षर दिसेनासं झालं; चुलीवर धरल्याबरोबर ते तपकिरी होऊन उठून आलं. जिथं रस लागला, तिथला कागद आधी करपतो, एवढीच ती करामत.

"आणि मी बांगडी काढूनसुद्धा ठेवली गं!" वसीला लाजेनं लालबुंद झाली.

गुरुवारी दोघी रांगेत जाऊन बसल्या.

"काय काढायचंय, ताई?" खदूजानं रीमला गोड विचारलं.

"बकऱ्यांचं केशकर्तनालय. नऊ हजार लागतील."

खदूजा पापणीही न हलवता आत गेली. दोन तासांनी रीमच्या कागदावर अक्षरं उमटली: 'रीम. बकऱ्यांचं केशकर्तनालय. नऊ हजार दिनार. मंजूर.'

मग एक कोळी खो-खो हसत सुटला. "ताई, आमच्या बोकडाच्या दाढीचे किती घ्याल?"

"खजिनदाराची लीला अगाध आहे!" शेख घाम पुसत म्हणाला.

"मग माझ्या कागदावरही दाखवू दे लीला," म्हणत वसीला पुढे झाली.

"छे छे! मंतरलेला कागदच लागतो!"

पण तिनं घरून आणलेला कोरा कागद शेगडीवर धरलाही होता. सगळ्यांनी माना उंचावल्या. अक्षरं आली: 'शेख मरझूक. दोन लिंबं. एक काडी. नामंजूर.'

"जिन्न कोपला! जिन्न कोपला!" ओरडत शेखनं पेटी उचलली, पण दारात कोळी आडवे उभे होते. पोलीस येईपर्यंत पेटी उघडली गेली आणि अकरा बायकांना आपापल्या बांगड्या मिळाल्या.

त्या अकराजणींना घेऊन वसीलानं भिशी सुरू केली. पहिली चिठ्ठी होडीवालीची निघाली, वसीलाची तिसरी. नारिंगं फुलायच्या आत भट्टी मात्र दारात आली.

पहिल्याच बैठकीत एक म्हातारी कुरकुरली होती, "पण रीम, सगळेच शेख काही असे नसतील."

"नसतील, मावशी," रीम म्हणाली. "पारखायचं असेल तर एकच विचारा. ज्याला हवेतून सहा हजार दिनार आणता येतात, त्याला माझी बांगडी कशाला हवी? विचारायला पैसे पडत नाहीत."