राजवाडे झाले, घर राहिलं

मित्रांनो, मी एक जुना लाल थर्मास आहे. माझ्या पोटात काचेचं दुहेरी भांडं आहे आणि त्या दोन काचांमधली हवा काढून टाकलेली आहे. म्हणून माझ्यातला चहा लवकर निवत नाही.

शाहूपुरीतल्या एका दुकानातून यल्लाप्पांनी मला घेतलं आणि वारणानगरला आणलं. ते साखर कारखान्यात कामाला होते. त्यांच्या प्रत्येक पाळीला मी सोबत असे. "यल्लाप्पाचा चहा म्हंजी चहा!" असं म्हणत सोबती पेले पुढं करत, तेव्हा मला फार बरं वाटे. पुढं यल्लाप्पा वारले आणि मी फळीवर गेलो. अंगावर धूळ बसली, बुचाला वास येऊ लागला. पण त्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी, मला भंगारात घातलं नाही.

एके वर्षी त्यांच्या लेकीनं, संघप्रियानं, त्यांना विलायतेला बोलावलं. ती लंडनजवळ नोकरी करत होती. पारूबाईंनी मला गरम पाण्यानं घासलं आणि पिशवीत घातलं. तिथं पोचल्यावर मला बघून संघप्रिया वैतागली.

"आई, हे डबडं कशाला आणलंस? इथं पावलोपावली कॉफी मिळते."

"असू दे की. माझा च्या तिथं कोन देनार हाय?"

परतीच्या आधीचे दोन दिवस संघप्रियानं चालकासह मोठी गाडी ठरवली. टाय बांधलेला म्हातारा चालक पारूबाईंसाठी अदबीनं दार उघडायचा. "घ्या पावणं," म्हणून त्या त्याला माझ्या झाकणातून चहा द्यायच्या आणि तो मिटक्या मारत प्यायचा.

पारूबाईंचं मागणं एकच होतं. "मला बाबासायबांचं घर तेवढं दाव. शिकाया आलते तवा ऱ्हायलेलं."

"दाखवते की गं. शेवटी जाऊ."

पहिल्या दिवशी किल्ला झाला, पिवळ्या दगडांच्या घरांची खेडी झाली, हिरव्या माळावरची मेंढरं झाली. दुसऱ्या दिवशी एका उमरावाचा वाडा झाला. दुपारी चालक म्हणाला, "मॅडम, ते घर लवकर बंद होतं. आधी तिकडे जाऊ या का?"

"अजून एकच राजवाडा," संघप्रिया म्हणाली. ऑफिसातल्यांना दाखवायला तिला फोटो हवे होते. "आई, स्वेटर काढ ना. साडी दिसू दे."

बोचऱ्या वाऱ्यात पारूबाईंनी मुकाट्यानं स्वेटर काढला. नंतर गाडीत माझ्या झाकणातला गरम चहा दोन्ही हातांनी धरून त्यांनी बोटं शेकली.

आम्ही त्या घरापाशी पोचलो, तेव्हा दार बंद झालं होतं.

पारूबाईंनी दारावर तळवा टेकवला. "बंद हाय व्हय? असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं विमान होतं. परतताना गाडीत संघप्रिया आईकडं वळली.

"आई, रागावलीस?"

"न्हाय गं."

त्या दोन शब्दांनी संघप्रिया पार कोसळली. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

पारूबाई वारणानगरला परत आल्यावर एकदा संघप्रियाचा फोन आला होता. तेवढ्यात शेजारच्या चिमणाबाई दारातूनच ओरडल्या, "अगं पारू, घर बघितलंस का?"

"बघितलं की! माझ्या पोरीनं समदं दावलं." पारूबाई माझं बूच घट्ट करत राहिल्या.

फोन चालूच होता. पलीकडं संघप्रियानं ते ऐकलं. आयुष्यात खोटं न बोललेली आई आपल्यासाठी खोटं बोलली, हे तिला सोसवेना. तिनं आईला पुन्हा यायला विनवलं, पण पारूबाईंच्या गुडघ्यांना आता तो प्रवास झेपणार नव्हता. मग पहिल्याच सुट्टीला ती एकटीच बाबासाहेबांच्या त्या घरी गेली आणि आतून तिनं व्हिडिओ कॉल लावला. पारूबाई खाटेवरून उठून उभ्या राहिल्या.

"चप्पल काढलीस का?"

"काढली, आई." संघप्रियानं फोन भिंतींवरून सावकाश फिरवला. पण मधेच डोळे पुसताना तिचा फोन हलला. "तू इथं हवी होतीस. मी चुकले गं."

"गप. फोन हलवू नगंस, मला दिसंना."

पारूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा बघू लागल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू धुऊन, बूच काढून वाळवून ठेवा. त्या पुष्कळ वर्षं साथ देतात. आणि घरातल्या थोरांनी एखादीच गोष्ट मागितली, तर ती आधी करा. राजवाडे कुठं पळून जात नाहीत.